पीटीत कसली आलीय थिअरी?

आपल्या जळगाव-धुळ्याकडे बीपीएड, एमपीएड या शारीरिक शिक्षणाच्या पदव्यावाल्यांमध्ये लई वर्षांपासून एक समज फिरतोय, की पीटीतलं संशोधन म्हणजे स्टॉपवॉच, टेप आन् नाडीचे ठोके, आणि समाजशास्त्र म्हणजे प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात दोन जड नावं टाकायची, गाईड खूश. तसं नाहीये भो.

समाजशास्त्राच्या थिअरीमुळे आधी प्रश्नच बदलतो. आठवीच्या पोरी मैदानाच्या कडेला निंबाखाली बसून राहतात, आपण म्हणून मोकळे होतो "इंटरेस्टच नाही त्यांना". पण बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाची 'हॅबिटस'ची कल्पना घेतली, म्हणजे वाढता वाढता अंगात मुरलेल्या सवयी, की संशोधक विचारतो घरात सायकल आधी कोणाला मिळाली, कापूस वेचायच्या दिवसात शाळा कोणाची बुडते, पळताना ओढणी सांभाळायचं कोणी शिकवलं? मग नुसता फॉर्म भरून भागत नाही, महिनोनमहिने मैदानावर बसावं लागतं, पोरींशी बोलावं लागतं (आन् तेही सर बाजूला उभे नसताना!).

फुको या फ्रेंच विचारवंताचं वेगळंच. शिट्टी, रांग, सावधान-विश्राम, त्याच्या नजरेनं हा नुसता व्यायाम नाही, शरीराला शिस्तीचं वळण लावणं आहे. १९७५ च्या पुस्तकात त्यानं तुरुंग, सैनिकांची बरॅक आणि शाळा यांच्यातलं साम्य दाखवलंय.

नुसती नावं चिकटवणारे आहेतच, नाही कशाला म्हणू. पण थिअरीही मैदानावर तपासली जाते. त्याच घरातली, त्याच गल्लीतली एखादी पोरगी खो-खोत सगळ्यांना पळवते, तिचं काय? अंगात मुरलेल्या सवयीच सगळं ठरवत असतील, तर ती वेगळी कशी निघाली? बोर्द्यूवर टीका होते ती नेमकी इथंच.