मेंदूज्वरातली सूज आणि कंपवातातला दाह

लातूर-नांदेडकडे घरात कंपवाताचा (पार्किन्सनचा) पेशंट असला की कधी ना कधी हे ऐकू येतं: “मेंदूला सूज हाय म्हन्तेत, मंग ती उतरवायची सुई द्या की.” मागणी वेडगळ नाही. गल्लीतल्या एखाद्या पोराच्या मेंदूत टीबी गेला, तेव्हा स्टेरॉईडच्या सुया देऊन सूज कमी केलेली याच लोकांनी पाहिलेली असते. मग म्हाताऱ्या आण्णांनाच का नाही?

कारण दोन्हीकडची ‘सूज’ एक नव्हे. मेंदूज्वरात जंतू बाहेरून येतो. डासांमुळे पसरणारा जपानी मेंदूज्वर, किंवा १९६५ साली विदर्भात सापडलेला आणि वाळूमाशीतून पसरणारा चांदीपुरा विषाणू, ही आपल्याकडची उदाहरणं. ताप, झटके, गुंगी, सगळं काही तासा-दिवसांत. मेंदूत खरोखर पाणी साचतं, कवटीत जागा नसल्यानं दाब वाढतो. मणक्यातून काढलेल्या पाण्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या मिळतात, एमआरआयवरही बऱ्याचदा खुणा दिसतात.

कंपवातात यातलं काहीच नसतं. ताप नाही, दाब नाही, नेहमीचा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मल. त्यामुळे घरचे म्हणतात, “रिपोर्ट तर क्लिअर आला.” मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक छोटा पुंजका असतो, तो हालचाली सुरळीत ठेवणारं डोपामिन हे रसायन बनवतो. या पेशींत अल्फा-सायन्युक्लिन नावाचं प्रथिन गुठळ्या करून साचतं. मेंदूची राखण करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशी त्यानं चेततात आणि दाहक रसायनं सोडत राहतात. १९८८ साली मॅकगीअर दांपत्याच्या गटाला मरण पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत अशा चेतलेल्या मायक्रोग्लिया आढळल्या. मेंदूज्वर म्हणजे कडब्याच्या गंजीला लागलेली आग; कंपवातातला दाह म्हणजे राखेखाली वर्षानुवर्षं धुमसणारा विस्तव.

तो किती चिवट असतो, याचा पुरावा कॅलिफोर्नियातून आला. १९८२ साली तिथल्या काही तरुणांनी नकली हेरॉईन टोचून घेतलं. त्यात एमपीटीपी हे विष होतं, आणि थोड्याच दिवसांत ते कंपवाताच्या रुग्णांसारखे ताठरले. त्यानंतर ३ ते १६ वर्षांनी दगावलेल्या तिघांचे मेंदू तपासले, तर मायक्रोग्लिया तोवरही चेतलेल्याच होत्या. विष केव्हाच निघून गेलं होतं.

हे विझत का नाही? उत्तराचा एक भाग मायक्रोआरएनएमध्ये आहे. साधारण २२ जनुकीय अक्षरांचे हे आरएनएचे तुकडे स्वतः प्रथिन बनवत नाहीत. प्रथिनाचा निरोप नेणाऱ्या एमआरएनएला चिकटून त्याचं काम दाबतात. १९९३ साली पहिला तुकडा एका सूक्ष्म कृमीत सापडला आणि २०२४ चं नोबेल त्यासाठी अँब्रोस आणि रुवकुन या शास्त्रज्ञांना मिळालं. मायक्रोग्लिया चेतल्या की एमआयआर-१५५ नावाचा असाच एक तुकडा वाढतो आणि दाहाला आवर घालणारं सॉक्स-१ हे प्रथिन दाबून टाकतो. म्हणजे ब्रेकच काढून घेतला. ज्या उंदरांत हा तुकडा मुळातच नव्हता, त्यांच्या मेंदूत अल्फा-सायन्युक्लिन वाढवूनही दाह कमी राहिला. एमआयआर-१२४ याच्या उलट, मायक्रोग्लियांना शांत ठेवतो. एमआयआर-७ तर अल्फा-सायन्युक्लिन बनणंच कमी करतो; मला यातला सगळ्यात आशेचा धागा हाच वाटतो.

मेंदूज्वरातही मायक्रोग्लिया चेततात, दाहाची यंत्रणा बरीचशी तीच. पण तिथे विषाणू हटला की चेतवणारं कारण सहसा संपतं. कंपवातात कारण मेंदूच्या आतच तयार होत राहतं. दोघांची सरमिसळही कधी होते: पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला आलेल्या झोपेच्या मेंदूज्वरातून वाचलेल्या अनेकांना पुढे कंपवातासारखा आजार जडला. जपानी मेंदूज्वरानंतरही काहींत तशी लक्षणं दिसतात.

तर आण्णांच्या सुईचं काय? कंपवातावर स्टेरॉईड हा उपचार नाही. उलट साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि हा पेशंट आधीच तोल जाऊन पडणारा. मेडिकलवरून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या ‘सूज उतरायला’ महिनोन्महिने देणंही तितकंच वाईट. त्यात किडनी जाते. मायक्रोआरएनएवर आधारलेलं कंपवाताचं औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही. हे तुकडे मेंदूत पोहोचवणं अवघड, आणि एकेक तुकडा शेकडो एमआरएनएंना हात लावतो. एमआयआर-१५५ सरसकट बंद केला तर शरीराची प्रतिकारशक्तीही लंगडी पडेल. रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून निदान करून देतो म्हणणाऱ्याला तूर्त पैसे देऊ नका. आज कामाची आहे ती मेंदूतलं डोपामिन भरून काढणारी लेव्होडोपाची गोळी, वेळेवर, आणि रोजचं चालणं.

आणि कंपवाताच्या माणसाला एकाएकी ताप आला, तो बरळू लागला किंवा गुंगीत गेला, तर ‘आजार वाढला’ म्हणून घरी बसू नका. बऱ्याचदा लघवीचा किंवा छातीचा संसर्ग निघतो, क्वचित मेंदूज्वरही. त्याच दिवशी दवाखाना गाठा, जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत घ्या, आणि लेव्होडोपा मनानं बंद करू नका. ती अचानक थांबवल्यानंही तीव्र ताप आणि ताठरपणा येऊ शकतो.