उसात हरभरा, कांदा, बटाटा: ही पद्धत आली कुठून

उसात आंतरपीक म्हटलं की आजकाल लोकांना वाटतं हे ड्रिप आणि पाच फुटी सरीबरोबर आलेलं नवं काहीतरी आहे, पण नीरा कालव्याच्या पट्ट्यात जुन्या बायकांना विचारा, उसाची लागण झाली की वरंब्याच्या बगलेला मुळा, मेथी, कोथिंबीर, लसणाच्या पाकळ्या टोचायच्या हे त्यांचं ठरलेलं काम. आंतरपीक वगैरे कोणी म्हणत नव्हतं, घरची भाजी म्हणायचे.

आपल्याकडचा बागायती ऊस वाढला तो कालव्यांवर. भाटघरचं पहिलं धरण आणि नीरा डावा कालवा 19व्या शतकाच्या शेवटी झाला, प्रवरेवर भंडारदरा 1926 ला. तेव्हा पुंड्या ऊस असायचा, जाड, मऊ, गोड, कोल्हे आणि डुकरं तुटून पडायची, आणि बहुतेक माल गुऱ्हाळात जायचा. मग 1932 ला साखरेला संरक्षण देणारा कायदा आला, वालचंदनगर, माळीनगर असे खासगी कारखाने उभे राहिले, आणि त्याच साली पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र सुरू झालं. कोइमतूरहून आलेल्या 419 या उसाच्या जातीने पुंड्याला मागे टाकलं. 1950-51 च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी कारखाना चालू झाला, विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचं ते काम, आणि तिथून पुढे ऊस म्हणजे कारखान्याचं पीक हे पक्कं झालं.

माझ्या मते आंतरपीक मागे पडलं ते इथेच. सरी तीन फुटांची, एकरात जास्तीत जास्त टिपरी, म्हणजे लागणीचे उसाचे तुकडे, बसवायची, पैसे एकदाच पण नक्की येणार, मग मधल्या वरंब्याकडे कोण बघतोय. पुढे तणनाशकं आली. ॲट्राझिन किंवा टू-फोर-डी मारलं की भांगलणीचा खर्च वाचतो (भांगलण म्हणजे हाताने तण काढणं) हे खरं, पण मग त्या रानात हरभरा किंवा मेथी कशी येणार? आजही आंतरपीक घ्यायचं तर आधी तणनाशकाचं ठरवावं लागतं, बरेच जण इथेच फसतात.

आता मूळ मुद्दा, ही पद्धत चालते का. पूर्वहंगामी ऊस 15 ऑक्टोबर ते 15 नोव्हेंबरला लावतात, नेमकी रब्बीची वेळ. थंडीत ऊस हळू उगवतो, फुटवे धरायला वेळ घेतो, आणि मोठी बांधणी, म्हणजे उसाच्या बुडाला मातीची भर देणं, व्हायला चार-साडेचार महिने जातात, तोपर्यंत दोन ओळींमधली जमीन, पाणी, ऊन सगळं रिकामं. हरभरा 100-110 दिवसांत निघतो, बटाटा साधारण 90-100 दिवसांत, कांदा लावणीपासून चार महिन्यांच्या आत. म्हणजे बांधणीच्या आधी रान मोकळं. आणि ऊस तुटायला चौदा-पंधरा महिने, त्यानंतर बिल, तोपर्यंत बेणं, खत, मजुरी सगळं सोसायटीच्या कर्जावर. उत्पन्न किती वाढलं यापेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये हातात पैसा आला ही गोष्ट मला जास्त मोठी वाटते, ज्याने खताच्या दुकानाची उधारी भरलीय त्याला हे सांगायला नको.

परत जोर आला तो सरी रुंद झाल्यावर. जोडओळ पट्टा पद्धत, म्हणजे अडीच फुटांवर दोन ओळी आणि मध्ये पाच फुटांचा पट्टा, किंवा तीन आणि सहा, दोन ओळींना मिळून एक ड्रिपची नळी. पाडेगावहून 1996 ला आलेला 86032 हा उसाचा वाण, ज्याला नीरा म्हणतात, तो फुटवे चांगले धरतो, त्यामुळे ओळी लांब ठेवायची भीती कमी झाली, आणि त्या पट्ट्यात भाजीची जागा आपोआप तयार झाली.

गहू मात्र आपल्याकडे उसात सहसा घेऊ नका असं म्हणतात, उंच वाढतो, सावली पडते, पाण्या-खताला ओढ लावतो आणि फुटवे मरतात. उत्तर प्रदेशात गोष्ट वेगळी, तिथे गहू काढून एप्रिल-मेमध्ये ऊस लावायला उशीर व्हायचा म्हणून लखनौच्या ऊस संस्थेने गादीवर, म्हणजे उंच वाफ्यावर, गहू आणि सरीत ऊस अशी पद्धत बसवली. आपल्याकडे हरभऱ्याचा फायदा असा की मुळावरच्या गाठींमुळे तो नत्रासाठी उसाशी भांडत नाही आणि पाला रानातच पडतो. बटाट्याचं तर अजून सोपं, काढताना वरंबा फुटतो, माती भुसभुशीत होऊन उसाच्या बुडाला येते, आणि बांधणीचं अर्धं काम तिथेच उरकतं, फक्त कुदळ मारताना उसाची मुळं तुटणार नाहीत एवढं बघायचं.