स्टॅबिलायझर लिंक बुश

स्टॅबिलायझर लिंक बुश : मोटारीच्या स्टॅबिलायझर दांड्याची (वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या दांड्याची) टोके चाकाच्या लोअर आर्मशी (चाकाला चासीशी जोडणाऱ्या खालच्या बाहूशी) जोडणाऱ्या लिंकमधील रबराचा किंवा पॉलियुरेथेनचा लवचीक भाग. हा झिजला की गाडी खडखडते आणि वळणावर कलणाऱ्या गाडीला दांड्याचा आधार उशिरा मिळतो. जुन्या गाडीतले मूळ रबरी बुश काढून अधिक टिकाऊ किंवा टणक बुश बसवण्याची पद्धत, विशेषतः मराठवाड्यातील रस्त्यांच्या संदर्भात, या नोंदीत विचारात घेतली आहे.

या दांड्याला अमेरिकेत स्वे बार आणि ब्रिटनमध्ये अँटी-रोल बार म्हणतात. आपल्याकडे गॅरेजात स्टॅबिलायझर हा शब्द चालतो, आणि जोडणीला लिंक किंवा लिंक रॉड. ‘बुश’ हा शब्द इंग्रजीमार्गे आला. त्याचे मूळ मध्ययुगीन डच भाषेतील ‘बुसे’, म्हणजे डबी, या शब्दात असावे असे सामान्यतः मानले जाते. झुडूप या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी त्याचा संबंध नाही. बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्यातील लोखंडी नळी हे याच कल्पनेचे जुने रूप म्हणता येईल. तेथे मात्र नळी कण्याभोवती फिरते आणि तिला वंगण लागते. लिंकचा रबरी बुश फिरत नाही, तो दबतो आणि पिळवटतो. हा भेद नजरेआड झाल्यामुळे होणारी वंगणाची चूक पुढे आली आहे.

रचना व कार्य : दांडा स्प्रिंगच्या पोलादाचा व साधारण यू आकाराचा असतो. त्याचा मधला भाग दोन डी-बुशांतून (इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या बुशांतून) चासीला धरलेला असतो आणि टोके लिंकांमार्फत डाव्या-उजव्या लोअर आर्मला जोडलेली असतात. दोन्ही चाके सारखीच उचलली गेली तर दांडा डी-बुशांत नुसता फिरतो. एकच चाक उचलले तर तो पिळला जातो आणि विरोध करतो. भरीव दांड्याचा हा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणून २० मिमीऐवजी २२ मिमीचा दांडा घातला तर ताठपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. बुश बदलल्याने असे काही घडत नाही. बुश फक्त वाया जाणारी हालचाल कमी करतो. उदाहरणादाखल, प्रत्येक लिंकमध्ये ३ मिमी ढिलाई आहे आणि लिंक आर्मच्या मध्यावर बसवली आहे असे धरू. मग दोन चाकांच्या उंचीत सुमारे १२ मिमी फरक पडेपर्यंत दांडा जागाच होत नाही. नव्या बुशांनी ‘गाडी एकदम घट्ट झाली’ असे चालक सांगतात ते यामुळे. त्यात नव्या मालाची करामत थोडी आणि गेलेली ढिलाई जास्त असते.

उगम : या दांड्याचे पहिले पेटंट कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या फ्रेडरिक्टन येथील स्टीफन कोलमन यांना २२ एप्रिल १९१९ रोजी मिळाले, असे सामान्यतः नोंदवले जाते. पेटंटाची तारीख हीच वापराची सुरुवात धरण्याचा मोह संकलकांना होतो. तो टाळलेला बरा. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बहुतेक गाड्यांचे सस्पेंशन मुळातच कडक होते आणि गाडी थोडी कलणार हे लोकांनी गृहीत धरले होते, त्यामुळे अशा दांड्याची निकड नव्हती. १९३४ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या गाड्यांच्या पुढील चाकांना स्वतंत्र सस्पेंशन, म्हणजे प्रत्येक चाक वेगळे वर-खाली होऊ देणारी बांधणी, दिले. पुढे मऊ कॉइल स्प्रिंगा रुळल्या आणि साधारण १९५० च्या दशकापासून दांडाही सर्रास दिसू लागला. त्याच्या प्रसाराचा संबंध १९१९ पेक्षा या मऊ स्प्रिंगांशी जोडणे अधिक सयुक्तिक वाटते.

बुशाच्या रबराचा इतिहासही वादापासून मुक्त नाही. गंधक व उष्णता यांनी रबर पक्के करण्याची क्रिया चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये सापडली असे मानतात, पण त्यांचे अमेरिकी पेटंट १५ जून १८४४ चे आहे. इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉक यांनी नोव्हेंबर १८४३ मध्येच अर्ज केला होता. हॅनकॉक यांनी गुडइयर यांचे नमुने आधी पाहिले होते, हे ध्यानात घेता शोधाचे श्रेय गुडइयर यांच्याकडे आणि कागदोपत्री अग्रक्रम हॅनकॉक यांच्याकडे ठेवणे योग्य ठरेल. मोटारीतील हादरे रबराने अडवण्याच्या कल्पनेला १९३१ च्या प्लिमथ गाडीतील इंजिनाच्या रबरी माउंटिंगमुळे मोठी प्रसिद्धी मिळाली. पॉलियुरेथेनचे रसायन ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीतील लेव्हरकुसेन येथे विकसित केले.

मराठवाड्यात : हा प्रदेश हैदराबाद संस्थानात असताना निजाम सरकारच्या रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी सेवा सुरू केली. त्या पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगांच्या, गाड्या. पुढे कमांडरसारख्या जीपही पुढे-मागे पाट्यांवरच चालल्या. म्हणून जुन्या मिस्त्रीसमोर ‘बुश गेले’ म्हटले की त्याला आधी पाट्याच्या शॅकलचे (पाट्याचे टोक धरणाऱ्या कडीचे) बुश आठवतात. पुढे स्वतंत्र सस्पेंशन व स्टॅबिलायझर आणि मागे पाटे अशी मिश्र बांधणी बोलेरोसारख्या गाड्यांमुळे २००० नंतर खेडोपाडी पोहोचली. आज ज्यांचे लिंक बुश बदलायला आले आहेत त्या बहुतेक याच पिढीच्या गाड्या आणि जुन्या छोट्या मोटारी.

येथील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. त्यामुळे डांबराची कड खचते आणि साइडपट्टी खाली राहते. एकेरी रस्त्यावर समोरून एसटी किंवा उसाचा ट्रॅक्टर आला की गाडीची डावी चाके खाली उतरतात, तो गेला की वर चढतात. दांड्याला पिळणारी हालचाल नेमकी हीच. डावी चाके जास्त खाली जातात म्हणून डावा बुश आधी जातो, अशी समजूत आहे. पण पिळलेल्या दांड्याच्या दोन्ही टोकांवर जवळपास सारखाच भार येतो. म्हणून बुश नेहमी जोडीने बदलावेत.

चाळीस अंशांपुढचा उन्हाळाही हातभार लावतो. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो, हा ढोबळ नियम रबराच्या म्हातारपणालाही लावता येतो. ताणलेल्या रबराला हवेतील ओझोनमुळे आडव्या चिरा पडतात त्या वेगळ्याच. आणि गाडी धुतल्यावर खालून डिझेल किंवा जळके ऑइल मारण्याची रीत आहे. लोखंडाला त्याचा गंजापासून थोडा फायदा होत असेलही, पण नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते आणि भुसभुशीत होते. करकर थांबावी म्हणून बुशाला साधे ग्रीस चोपडणे ही याच जातीची चूक.

लक्षणे : लिंकचा दोष बहुधा शॉकअपच्या माथी मारला जातो. दोन्ही चाके एकदम स्पीड ब्रेकरवर गेली आणि आवाज आला नाही, पण तोच ब्रेकर तिरका ओलांडताना किंवा एका चाकाने खड्डा घेताना टकटक झाली, तर संशय लिंकवर घ्यावा. कन्नडच्या किंवा धारूरच्या घाटात वळणाच्या सुरुवातीला गाडी क्षणभर सैल वाटून मग सावरते, हेही ढिलाईचेच लक्षण. खात्रीसाठी गाडी चाकांवर उभी ठेवून लिंक हाताने हलवून पाहतात.

पर्याय : मूळ रबरी बुशाचा टणकपणा शोअर-ए मापनावर (आकडा जास्त तितका पदार्थ टणक) साधारण ५५ ते ७० असतो आणि पॉलियुरेथेनचा ८० ते ९५. लिंक गाडीचे वजन पेलत नाही. त्यामुळे तेथे टणक बुश घातल्याने सरळ रस्त्यावर गाडी फारशी आदळत नाही. फरक जाणवतो तो एका चाकाच्या खड्ड्यात. पॉलियुरेथेनवर तेलाचा परिणाम कमी होतो, पण त्याला सिलिकोन ग्रीस लागते आणि धूळ शिरली की ते कुरकुरते. त्यातही पॉलिएस्टर प्रकार दमट उष्णतेत पाण्याने खराब होतो, पॉलिईथर प्रकार त्या मानाने टिकतो. डांबरी महामार्गावर जास्त फिरणाऱ्या गाडीला लिंकपुरते पॉलियुरेथेन योग्य. मातीच्या रस्त्यावरच्या गाडीला चांगल्या प्रतीचे नवे रबरच बरे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. लेथवर कातून घेतलेला नायलॉनचा बुश स्वस्त पडतो, पण तो कोन बदलू देत नाही आणि बोल्ट वाकतो. जुन्या टायरमधून कापलेल्या चकतीत धागे असल्याने ती सगळीकडून सारखी दबत नाही.

बसवणे : लांब बोल्टच्या लिंकमध्ये एका बाजूला चार बुश, चार वाट्या म्हणजे खोलगट वॉशर, मधली नळी, बोल्ट आणि नट असतो. काम करताना दोन्ही पुढची चाके एकाच पातळीवर, म्हणजे दोन्ही उचललेली किंवा दोन्ही जमिनीवर हवीत. एकच उचलले तर दांडा ताणात राहतो आणि नट सुटताच बोल्ट उसळतो. गंजलेला बोल्ट गॅसने कापल्यास शेजारचे रबर जळते, म्हणून ग्राइंडर बरा. वाटीची खोलगट बाजू बुशकडे ठेवण्याचा प्रघात आहे, तरी मतभेद असल्याने गाडीची पुस्तिका प्रमाण मानावी. आवळताना बुश वाटीच्या कडेइतका पसरला की थांबावे. त्यापुढे रबर फुगून चिरते. नायलॉकचा (आत नायलॉनचे कडे असलेला) नट दर वेळी नवा घ्यावा. बॉल जॉइंटच्या (गोळ्यावर फिरणाऱ्या सांध्याच्या) लिंकांत बुश वेगळा निघत नाही, तेथे पूर्ण लिंकच बदलतात.

मारुती ८०० हा अपवाद. तिच्यात वेगळी लिंक नाही. दांड्याचे टोकच लोअर आर्ममधील बुशातून जाते आणि चाकाला पुढे-मागे सरकण्यापासूनही दांडाच अडवतो. त्यामुळे तिचा बुश गेला की खडखडीबरोबर ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढली जाते, आणि बुश बदलल्यावर अलाइनमेंट तपासून घ्यावी लागते.