‘त्या नात्याने’: आयर्लंडमध्ये मैदानातून पक्षात जाणारी वाट

24 ऑक्टोबर 2025 रोजी आयर्लंडमध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झाले. मतपत्रिकेवर तीन नावे होती आणि त्यांतल्या एका उमेदवाराने 19 दिवस आधीच माघार घेतलेली होती. डब्लिनच्या गेलिक फुटबॉल (हात आणि पाय दोन्ही वापरून खेळायचा आयरिश फुटबॉल) संघाचे मॅनेजर म्हणून सहा अखिल आयर्लंड विजेतेपदे मिळवणारे जिम गॅव्हिन ते हेच. त्यांतली 2015 ते 2019 ही पाच ओळीने आली होती आणि तसे आधी कुणाला जमले नव्हते. निवडणूक आटोपली तसे ‘खेळाडूंना राजकारण झेपत नाही’ हे वाक्य तिकडच्या चर्चेत पुन्हा फिरू लागले. मला ते मुळातच चुकीचे वाटते. आयर्लंडइतके मैदान आणि विधिमंडळ एकमेकांना लागून असलेले देश युरोपात फार नसतील. ही जवळीक कशी तयार झाली ते पाहिले, तर 2025 मध्ये नेमके काय बिनसले तेही कळते.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगतो. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) चालवणारी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन 1884 मध्ये थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात स्थापन झाली आणि पहिल्या काही वर्षांतच क्रांतिकारक आणि सनदशीर गटांनी तिच्यावर ताबा मिळवण्यासाठी झगडा मांडला. 1904 चे विजेतेपद मिळवणारा केरी काउंटीचा (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) कर्णधार पुढे स्वातंत्र्यलढ्यातल्या बंडखोर सरकारात मंत्री झाला. डब्लिनकडून हर्लिंग खेळलेला एक नेता 1922 च्या यादवीत मारला गेला. अल्स्टर प्रांतातला संघटनेचा एक पदाधिकारी नव्या राज्याचा पोलीसप्रमुख झाला आणि 1933 मध्ये फिना गेल या पक्षाचा पहिला अध्यक्ष. त्या पिढीत खेळ आणि राजकारण यांच्यात भिंत घालायची कुणाला गरजच भासली नाही.

भिंत आली ती नियमांच्या पुस्तकातून, आणि इथे थोडे थांबायला हवे. असोसिएशन ‘अराजकीय’ आहे असे बाहेरचे लोक सर्रास लिहितात. नियमात तो शब्द नाही. तिथे जे आहे त्याला मराठीत ‘पक्षनिरपेक्ष’ म्हणता येईल. संघटनेच्या बैठकांत पक्षीय प्रश्नांची चर्चा करायची नाही, आणि कोणतीही समिती, क्लब किंवा त्यांचा प्रतिनिधी ‘त्या नात्याने’ पक्षीय चळवळीत भाग घेणार नाही, असे तो नियम सांगतो. त्याच पुस्तकात संघटनेचे मूळ उद्दिष्ट म्हणून 32 काउंटींच्या आयर्लंडची राष्ट्रीय अस्मिता बळकट करणे हे दिलेले आहे. काउंटी 32 म्हणजे सीमेपलीकडच्या, ब्रिटनकडे राहिलेल्या उत्तर आयर्लंडच्या सहाही त्यात आल्या. फाळणी झालेल्या देशात याहून राजकीय विधान शोधून सापडणार नाही! म्हणजे राष्ट्राचे राजकारण संघटनेच्या पायातच आहे. बंदी आहे ती पक्षाच्या राजकारणाला, आणि तीही संघटनेचा माणूस म्हणून केलेल्या.

या शब्दाचे परिणाम दोन्ही बाजूंनी झाले. राष्ट्राचा प्रश्न म्हटला की संघटना कठोर व्हायची. 1938 मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड एका आंतरराष्ट्रीय फुटबॉल (सॉकर) सामन्याला हजर राहिले. तो ‘परकीय’ खेळ, म्हणून संघटनेने त्यांना आपल्या आश्रयदात्यांच्या यादीतून काढून टाकले. ज्या माणसाने आयरिश भाषेसाठी आयुष्य वेचले त्यालाच! परकीय खेळांवरची ही बंदी 1971 पर्यंत टिकली. उत्तर आयर्लंडमधल्या पोलिसांना आणि ब्रिटिश सैनिकांना सदस्यत्व नाकारणारा नियम तर 2001 मध्ये उठला. पक्षाच्या बाबतीत मात्र ‘त्या नात्याने’ या दोन शब्दांनी दार कायम किलकिले ठेवले. क्लबने उमेदवाराला पाठिंबा द्यायचा नाही, पण क्लबचा तारा पंचवीस गावांत ओळखीचा असेल तर त्याने स्वतःच्या नात्याने उभे राहायला कुणाची हरकत? पक्षांना तेवढी फट पुरली.

त्या फटीतून आलेले सर्वांत मोठे नाव कॉर्कच्या जॅक लिंच यांचे. 1941 ते 1946 या सहा वर्षांत त्यांना ओळीने सहा अखिल आयर्लंड पदके मिळाली, पाच हर्लिंगची आणि 1945 चे गेलिक फुटबॉलचे. 1948 मध्ये ते फिआना फॉलच्या तिकिटावर निवडून आले, 1966 मध्ये पंतप्रधान झाले, आणि 1977 मध्ये त्यांच्या पक्षाने 148 पैकी 84 जागा जिंकल्या. लिंच यांच्याबद्दल बोलताना पदकांचा उल्लेख पहिला होतो. ते वकील होते आणि कॉर्क शहर त्यांना मैदानाबाहेरही ओळखत होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

ते एकटे नव्हते. 1940 मध्ये केरीला विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार 1943 ते 1981 अशी 38 वर्षे मजूर पक्षाचा खासदार होता. त्याचा मुलगा आयर्लंडकडून रग्बी खेळला आणि पुढे उपपंतप्रधान झाला. 1950 आणि 1951 चा मेयोचा कर्णधार 1951 मध्येच निवडून आला आणि नंतर मंत्री झाला. (मेयोला त्यानंतर आजतागायत हे विजेतेपद मिळालेले नाही.) 1936 च्या मेयो संघातला आणखी एक खेळाडू 1954 मध्ये खासदार झाला. त्याचा मुलगा 2011 मध्ये पंतप्रधान झाला, आणि 2017 मध्ये त्याच्याकडूनच सूत्रे घेतली ती मालवणजवळच्या वराड गावाशी नाते असलेल्या लिओ वराडकर यांनी.

गॅलवेची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1964 चा अंतिम सामना सुरू असताना गॅलवेच्या कर्णधाराचे वडील प्रेक्षागारातच वारले. ते शेतकऱ्यांच्या एका पक्षाचे संस्थापक आणि विद्यमान खासदार होते. गॅलवेने तो सामना जिंकला. वडिलांच्या रिकाम्या जागेसाठी डिसेंबरात पोटनिवडणूक झाली आणि कर्णधार फिना गेलच्या तिकिटावर निवडून आला. ज्या काउंटीने सप्टेंबरात त्याच्या हाती करंडक पाहिला, तिनेच तीन महिन्यांच्या आत त्याला विधिमंडळात पाठवले.

या सगळ्यांत एक धागा समान आहे. गेलिक खेळ हौशी आहेत. खेळाडूला मानधन नाही, तो दिवसा शाळेत शिकवतो किंवा शेतात राबतो आणि संध्याकाळी सरावाला येतो. संघ काउंटीचा, क्लब गावच्या चर्चच्या हद्दीचा. मतदारसंघही बहुतेक काउंटीच्याच रेषांवर आखलेले, एकेकात तीन ते पाच जागा. आपल्याकडे राज्यसभेला वापरतात तीच पसंतीक्रमाची पद्धत तिथे सामान्य मतदार वापरतो. अशा निवडणुकीत दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची मते फार मोलाची असतात. विरोधी पक्षाचा मतदारही ‘तो आपला, आपल्या काउंटीसाठी खेळला’ म्हणून तिसरे मत देऊन टाकतो. खेळाडूला नुसती प्रसिद्धी कधीच निवडून आणत नव्हती. त्याला निवडून आणायचा तो त्याचा पत्ता.

2007 मध्ये याची परीक्षाच झाली. फिना गेलने एकाच निवडणुकीत दोन गाजलेली नावे उतरवली. मेयो संघाचा तेव्हाचा मॅनेजर त्याच काउंटीतून निवडून आला आणि खासदारकी सांभाळत 2010 पर्यंत संघही सांभाळत राहिला. ‘त्या नात्याने’ची रेषा इथे किती पुसट झाली होती, याकडे संघटनेने डोळेझाक केली असे माझे मत आहे. दुसरा होता मीथचा विजेता कर्णधार, तेव्हाही खेळत असलेला. तो हरला. पुढे 2009 मध्ये संघटनेचा माजी अध्यक्षच युरोपीय संसदेत गेला. त्याच्याच कारकिर्दीत, 2005 मध्ये, संघटनेचे डब्लिनमधले मुख्य मैदान क्रोक पार्क रग्बी आणि सॉकरसाठी खुले करण्याचा ठराव 227 विरुद्ध 97 मतांनी संमत झाला होता.

सीमेच्या उत्तरेला हा पेच 3 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वांसमोर आला. दोन वर्षे ठप्प असलेली बेलफास्टची विधानसभा त्या दिवशी पुन्हा बसली. 2002 च्या आर्मा संघातला विजेता खेळाडू तिथे आमदार होता आणि दक्षिणेतल्या लीश काउंटीचा मॅनेजरही. तो कामकाज अर्ध्यावर सोडून सामन्याला गेला. त्याच्या पक्षाने त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई केली, आणि माझ्या मते ती योग्यच होती.

आता गॅव्हिन यांच्याकडे परत येऊ. 9 सप्टेंबर 2025 रोजी फिआना फॉलच्या संसदीय पक्षाने त्यांना 41 विरुद्ध 29 मतांनी उमेदवारी दिली. ते वायुदलात वैमानिक होते, शहराच्या कारभारावर शिफारशी करणाऱ्या डब्लिनच्या नागरिक सभेचे अध्यक्ष होते, आणि गेलिक फुटबॉलचे नियम बदलणाऱ्या समितीचेही. निवडणूक मात्र त्यांनी आयुष्यात कधी लढवली नव्हती. त्यांचा मतदारसंघ म्हणजे अख्खा देश. डब्लिनच्या संघाला ओळीने पाच वर्षे जिंकताना मेयो आणि केरीने जे सोसले, त्यानंतर तिथल्या माणसाने ‘तो आपला’ म्हणून मत का द्यावे? 2009 च्या सुमारास एका भाडेकरूने चुकून जास्त भरलेले 3,300 युरो परत न केल्याची बातमी आली आणि 5 ऑक्टोबरला त्यांनी माघार घेतली. अर्ज भरण्याची मुदत 24 सप्टेंबरलाच संपलेली असल्याने नाव मतपत्रिकेवरून काढता आले नाही. 63 टक्के मते मिळवून कॅथरिन कॉनली विजयी झाल्या. गॅव्हिन यांच्या नावापुढेही लाखाहून अधिक लोकांनी पहिली पसंती लिहिली होती, सुमारे 7 टक्के.