नार्थेक्स: चर्चच्या दारातलं आडवं दालन

पश्चिमेच्या दारातून शिरल्यावर मुख्य सभागृहाआधी जे आडवं लांबट दालन लागतं त्या नार्थेक्सबद्दल सगळीकडे एकच वाक्य वाचायला मिळतं, की बाप्तिस्मा न झालेले आणि प्रायश्चित्त घेणारे इथे थांबायचे. सुरुवातीच्या काळापुरतं ठीक आहे, बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना निघायला सांगणारा पुकारा ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती, उपासनेत अजून आहे. पण पुढे तान्ह्या बाळांचाच बाप्तिस्मा व्हायला लागला, मोठे उमेदवार जवळपास संपले, आणि तरी नार्थेक्स गेला नाहीच, उलट कितीतरी ठिकाणी एकाचे दोन झाले. म्हणजे त्याला दुसरं काम होतं.

इस्तंबूलची हागिया सोफिया (५३२-५३७) बघा. आतल्या नार्थेक्समधून सभागृहात नऊ दारं उघडतात, मधलं सगळ्यात मोठं ते बायझंटाईन (पूर्व रोमन) सम्राटाचं. सणाच्या दिवशी सम्राट आणि पॅट्रिआर्क (चर्चचा प्रमुख धर्मगुरू) नार्थेक्समध्ये भेटायचे, तिथून एकत्र आत. त्याच दारावर मोझेक (रंगीत तुकडे जडवून केलेलं चित्र) आहे, ख्रिस्त सिंहासनावर आणि त्याच्या पायाशी एक दाढीवाला सम्राट हात पसरून जमिनीपर्यंत वाकलेला, नाव मात्र लिहिलेलंच नाही, आणि सगळा घोळ तिथेच. बहुतेक जण म्हणतात हा चर्चच्या नियमाविरुद्ध चौथं लग्न करणारा सम्राट लिओ सहावा, ज्याला पॅट्रिआर्कने ९०६ च्या ख्रिसमसला आणि लगेच जानेवारीतल्या सणाला आत घेतलं नव्हतं, म्हणून हे चित्र त्याच्या पश्चात्तापाचं. दुसरी बाजू म्हणते, कुठलाही सम्राट आत जाण्याआधी या दाराशी मेणबत्त्या घेऊन तीनदा वाकायचाच, तेच काढलंय. मला दुसरं जास्त पटतं, कारण एकाच माणसाची माफी दाखवायची असती तर नाव गाळलं नसतं.

मठांमध्ये तर नार्थेक्सशिवाय पान हलत नसे. काही प्रार्थना तिथे, ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी तिथे, ग्रीसमधल्या होसिओस लुकास मठाच्या नार्थेक्समध्ये पाय धुण्याचं मोझेक आहे ते उगाच नाही. थडगीसुद्धा तिथेच. इस्तंबूलच्याच खोरा चर्चमध्ये (साधारण १३१५ ते १३२१) आतला आणि बाहेरचा असे दोन नार्थेक्स, मोझेकनी गच्च भरलेले, आत जायच्या दारावर या कामाला पैसा घालणारा मंत्री भलीमोठी टोपी घालून गुडघ्यावर बसलाय, हातात चर्चची प्रतिकृती. बाहेरच्या नार्थेक्सच्या कमानी पुढे थडग्यांसाठी बुजवल्या.

२०२० मध्ये हागिया सोफिया आणि खोरा या दोन्ही इमारती पुन्हा मशिदी करायचा निर्णय झाला आणि जानेवारी २०२४ पासून हागिया सोफियात परदेशी पर्यटकांना तिकीट काढून थेट वरच्या गॅलरीत पाठवतात. सम्राटाचं दार खाली राहतं.