काळ्या रानातल्या भेगा आणि मंगळावरचा चिखल

चैत्र-वैशाखात परभणी-हिंगोलीकडच्या काळ्या रानातून चालताना नजर खालीच ठेवावी लागते. भेगा अशा पडलेल्या असतात की हात कोपरापर्यंत आत जावा. जमीन जितकी भारी तितकी भेग मोठी, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं. याचं कारण त्या मातीतल्या स्मेक्टाइट नावाच्या चिकणखनिजात आहे. त्याच्या अतिसूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते आणि पाणी उडून गेलं की ती आकसते, फाटते.

ही माती आपल्याच काळ्या पाषाणातून झाली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले, त्यांचा बेसाल्ट झाला आणि पावसापाण्याने तो झिजत, कुजत गेला. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसाल्टचाच आहे. त्यामुळे तिथेही पूर्वी पाणी असेल, तर अशीच चिकणमाती सापडायला हवी. ती सापडली. नासाची क्युरिऑसिटी ही बग्गी ऑगस्ट २०१२ मध्ये मंगळावरच्या गेल विवरात उतरली आणि २०१३ च्या सुरुवातीला तिने ‘यलोनाइफ बे’ या जागी गाळाच्या खडकाला भोक पाडून पूड तपासली. पुडीत स्मेक्टाइट होतं. खनिजांवरून कळलं की तिथल्या जुन्या तळ्याचं पाणी फारसं आम्लही नव्हतं आणि फार खारटही नव्हतं. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, गंधक, फॉस्फरस ही जीवाला लागणारी मूलद्रव्यंही त्या खडकात होती. त्या तळ्यात सूक्ष्मजीव जगू शकले असते, एवढं त्यावरून ठरलं.

पण जगता येणं वेगळं आणि मुळात जीव उपजणं वेगळं. या दुसऱ्या प्रश्नाच्या दृष्टीने मला २०२१ मधला शोध जास्त मोलाचा वाटतो. गेल विवरातल्याच शार्प पर्वताच्या उतारावर बग्गीला खडकात गोठलेल्या चिखलाच्या भेगा दिसल्या. जेमतेम चार सेंटिमीटरच्या षट्कोनांची ती जाळी होती आणि भेगांच्या कडेने सल्फेट क्षारांच्या गाठी होत्या. त्यावरचा शोधनिबंध २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आला.

षट्कोनांना एवढं महत्त्व का? चिखल एकदाच वाळला तर एक भेग दुसरीला काटकोनात येऊन मिळते. तोच चिखल पुन्हा भिजला, पुन्हा वाळला आणि हे चक्र चालूच राहिलं, तर जुन्या भेगा पुन्हा उघडताना हळूहळू वळतात आणि प्रत्येक सांध्यावर तीन भेगा जवळपास सारख्या कोनात येतात. म्हणजे तिथे पाणी येत-जात होतं, बहुधा ऋतूंप्रमाणे, आणि तेही दीर्घकाळ. उन्हाळ्यात नाथसागराचं किंवा गावच्या पाझर तलावाचं पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळाजवळ बसून पाहा. सांधे काटकोनाचे आहेत की तीन फाट्यांचे, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतं.

आता जीवाच्या उगमाकडे येऊ. प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या. दोन अमिनो आम्लं जोडली जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. सगळीकडे पाणीच पाणी असेल तर ही जोडणी अवघड होते, जुळलेले दुवेसुद्धा सुटतात. पाणी आटलं की विरघळलेली द्रव्यं दाट होतात, चिकणमातीच्या पृष्ठांना चिकटतात आणि जोडणीला वाव मिळतो. पुन्हा पाणी आलं की नवा माल येतो, मिसळतो. असं ओलं-कोरडं चक्र चालवून प्रयोगशाळेत छोट्या साखळ्या तयार करता आल्या आहेत. जीव पाण्यात जन्मला असं आपण सरसकट म्हणतो. मला मात्र वाटतं की आटणाऱ्या पाण्यालाही त्याचं श्रेय द्यायला हवं. पृथ्वीवर जीव उपजला त्या काळचे खडक भूपट्टांच्या हालचालींत बहुतेक नष्ट झाले. मंगळावर असे भूपट्ट नाहीत, म्हणून साडेतीन अब्ज वर्षांहून जुना चिखल तिथे भेगांसकट शिल्लक आहे.

आजचा मंगळ मात्र कठोर आहे. हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, सरासरी तापमान उणे साठ अंशांच्या आसपास, अतिनील किरणांना अडवायला ओझोनचं पुरेसं कवच नाही आणि मातीत जीवाला घातक असे परक्लोरेट क्षार. उघड्यावर जीव टिकणं जवळजवळ अशक्य. म्हणूनच ‘रोझलिंड फ्रँकलिन’ ही युरोपीय बग्गी दोन मीटर खोल भोक पाडू शकेल अशी बांधली आहे.

दरम्यान, मंगळावरच्याच जेझेरो विवरात फिरणाऱ्या पर्सिव्हिअरन्स या नासाच्या दुसऱ्या बग्गीला २०२४ मध्ये गाळाच्याच एका खडकावर गडद कडांचे फिकट ठिपके दिसले. तिथे लोह-फॉस्फेट आणि लोह-सल्फाइड ही खनिजं असावीत, असं विश्लेषण सांगतं. पृथ्वीवर चिखलातले जंतू सेंद्रिय पदार्थ खाताना अशी खनिजं बनतात. जीवाशिवायही ती बनू शकतात, आणि कमी तापमानात ती कशी बनली असतील यावर काम चालू आहे. त्या खडकाचा नमुना नळीत बंद करून ठेवलेला आहे. त्यातल्या लोह आणि गंधकाच्या समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाण काटेकोर मोजलं, तर त्यामागे जंतू होते की निव्वळ रसायन, याचा बराच उलगडा होईल. त्यासाठी लागणारी यंत्रं बग्गीवर मावत नाहीत, नमुनाच पृथ्वीवर यायला हवा.