पेट्रोल डायनासोरचं नाही हो!
निपाणीकडच्या पंपावर टाकी भरायला कोल्हापूरच्या गाड्या येतात, तिथं रांगेत हमखास कोणीतरी सांगतंच, की पेट्रोल म्हणजे डायनासोर सडून झालेलं तेल. शाळेतल्या पोरांनाबी तेच पाठ. चूक आहे ते. अमेरिकेतल्या सिंक्लेअर या तेल कंपनीनं 1930 च्या दशकात जाहिरातीत डायनासोर वापरला, त्यानं हा समज चांगलाच पसरला.

खरं तर कच्चं तेल झालं समुद्रातल्या बारीक शेवाळापासनं, प्लँक्टनपासनं (म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव). ते मरून तळाच्या चिखलात गाडलं गेलं, वर गाळाचे थर चढत गेले, आणि दोन-चार किलोमीटर खाली साधारण 60 ते 120 डिग्री उष्णतेत लाखो वर्षं शिजून त्याचं तेल झालं, त्याहून जास्त तापलं की गॅस. डायनासोर संपले 6.6 कोटी वर्षांपूर्वी, आणि मुंबईजवळच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राचं तेल ज्या चुनखडीत साठलंय ती त्यानंतर कित्येक कोटी वर्षांनी तयार झाली, आता बोला!

"मग शेवाळ आजबी मरतंय की, तेल होतच असणार?" होतंय, पण त्या वेगानं वाट बघायची तर लाखो वर्षं थांबा, आणि आपण एक टाकी बेळगाव-कोल्हापूर चार फेऱ्यांत उडवतो. म्हणूनच त्याला नूतनीकरण न होणारं इंधन म्हणतात.